टुरिस्ट व्हिसा मागताना ‘आम्ही परत येणार’ हे कागदावर कसं दाखवायचं: नाशिकहून अर्ज करणाऱ्यांसाठी

आमचा पहिला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) रिजेक्ट झाला तेव्हा पासपोर्टसोबत एक छापील कागद आला. कारणांची लांब यादी आणि एकाच चौकोनात फुली. फुलीपुढचं वाक्य असं होतं की व्हिसाची मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल याविषयी शंका घ्यायला जागा आहे. कुरिअरवाला अजून गेटपाशीच होता, मी उंबऱ्यातच पाकीट फोडलं होतं, आणि नवरा म्हणाला, "अगं पण बाग इथं, पोरांची शाळा इथं, तुझी नोकरी इथं, आपण तिकडं राहून करणार काय?"

हे जे तो एका दमात बोलला ते आमच्या साठ-सत्तर पानांच्या फाइलीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. आपल्याला जे इतकं उघड वाटतं की बोलायचीसुद्धा गरज नाही, तेच फाइलीत लिहावं लागतं, कारण फाइल बघणाऱ्या माणसाने ना आपली बाग बघितलीय ना आपलं घर.

मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, नवऱ्याची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, नणंद जर्मनीत. २०२३ च्या दिवाळीआधी एका एजंटकडून केलेला अर्ज नाकारला गेला, २०२४ च्या मार्चमध्ये मी स्वतः फाइल लावली आणि चौघांनाही व्हिसा मिळाला. नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फाइली लावायला बसले, त्यात त्याच त्याच चुका दिसतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

१. त्यांना नक्की काय बघायचंय ते आधी समजून घ्या

बहुतेकांना वाटतं की व्हिसा पैशावर मिळतो. पैसे लागतातच, पण तुम्ही जाऊन खर्च करू शकता एवढंच पैशातून कळतं. तुम्ही परत याल का हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वेगळ्या कागदांतून द्यावं लागतं. एजंट लोक याला ‘टाईज’ म्हणतात, म्हणजे तुम्हाला इथं बांधून ठेवणाऱ्या गोष्टी.

अमेरिकेच्या कायद्यात तर कलम २१४(ब) असं सांगतं की अर्जदार तिकडं कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं, तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची. कॅनडाच्या रिफ्युजल लेटरमध्ये मुक्काम संपल्यावर तुम्ही देश सोडाल याची खात्री पटली नाही असं येतं, यूकेवाले तुम्ही खरोखरचे पाहुणे आहात का ते तपासतात. शब्द वेगळे, मुद्दा एकच. म्हणून रिजेक्शन आलं की आपला अपमान झाला असं मनाला लावून घेऊ नका, माझे सासरे आठवडाभर "आपण काय चोर आहोत का" म्हणत होते. त्या अधिकाऱ्याला कायद्याने शंका घ्यायलाच बसवलेलं असतं.

२. कागद जमवायच्या आधी एक कोरा कागद घ्या

त्यावर लिहा की परत आल्यावर तुमची काय काय वाट बघतंय, आणि प्रत्येकापुढे तारीख किंवा महिना. हे करून बघाच, माझी दुसरी फाइल या एका कागदावर उभी राहिली. आमचा असा होता: ट्रिप २० मे ते ५ जून. १० जूनला मला कामावर हजर व्हायचंय. जूनच्या मध्यात मुलांची शाळा उघडते, पुढच्या वर्षाची फी भरून झालीय. बागेची खरड छाटणी एप्रिलमध्ये उरकते म्हणून मे मध्ये निघता येतं, पण सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठीची) आहे, ती चुकली तर वर्ष गेलं. सासू-सासरे आमच्याजवळ राहतात. घराचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला कटतो.

आता या प्रत्येक ओळीपुढे विचारा, याचा कागद आहे का? असेल तर तो फाइलीत जाईल. नसेल तर तो मिळवायचा, आणि मिळतच नसेल तर कव्हर लेटरमध्ये एका वाक्यात सांगायचं. आणि उलटं पण करा, जो कागद यातल्या कुठल्याच ओळीला लागू पडत नाही आणि चेकलिस्टमध्येही नाही तो काढून टाका. आमच्या पहिल्या फाइलीत एजंटने सोन्याच्या व्हॅल्युएशनपासून नवऱ्याच्या दहावीच्या मार्कशीटपर्यंत सगळं घातलं होतं, सोनं तर पर्समध्ये घालून नेता येतं, त्यातून परत येण्याचं काय सिद्ध होणार.

३. कोणी कोणते कागद लावायचे

नोकरी असेल तर: कंपनीच्या लेटरहेडवर रजा मंजुरीचं पत्र, त्यात हुद्दा, कधीपासून नोकरीला, पगार, रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मंजूर, आणि पुन्हा कामावर कधी हजर व्हायचं. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि उचलला जाईल असा फोन नंबर. सोबत तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, दोन-तीन वर्षांचे रिटर्न. माझ्या पहिल्या पत्रात ‘या आमच्याकडे काम करतात आणि त्यांच्या प्रवासाला आमची हरकत नाही’ एवढ्या दोनच ओळी होत्या. हरकत नाही म्हणजे गेल्या तरी चालेल, असाही त्याचा अर्थ निघतो! एचआरला लाजू नका, मसुदा स्वतः टाइप करून द्या, ते सही करून देतात.

धंदा असेल तर: उद्यम नोंदणी, शॉप ॲक्ट, जीएसटीचं सर्टिफिकेट आणि अलीकडची रिटर्न्स, चालू खात्याचं स्टेटमेंट, जागेचा भाडेकरार किंवा मालकी. तुम्ही नसताना दुकान किंवा वर्कशॉप कोण बघणार ते नाव घेऊन लिहा. सातपूरला आमच्या ओळखीचे एक आहेत, त्यांचं छोटं मशीन शॉप आहे, त्यांनी ट्रिपनंतरच्या महिन्यात डिलिव्हरी असलेल्या दोन परचेस ऑर्डर लावल्या होत्या. मला ते फार आवडलं, कारण त्यावर तारीख होती.

शेतकऱ्यांसाठी जरा थांबून लिहिते, कारण नाशिक जिल्ह्यात निम्म्या लोकांचा घोळ इथंच होतो आणि याची माहिती कोणी नीट देत नाही.

सातबारा डिजिटल सहीचाच घ्या, ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. सोबत ८अ चा खाते उतारा, त्यात एका खात्यावरची सगळी जमीन एकत्र दिसते. आता सातबारा हातात आल्यावर खालचा अर्धा भाग बघा, नमुना बारा, तिथं पीक लिहिलेलं असतं. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची असते आणि आमची एका हंगामाची राहून गेली होती, त्यामुळे चांगल्या भरात असलेल्या बागेच्या उताऱ्यावर पिकाचा रकाना कोरा. बघणाऱ्याला ती जमीन पडीक वाटली तर त्याचा काय दोष. म्हणून व्हिसाचा विचार असेल त्या वर्षी पीक पाहणी न चुकता करा.

दुसरं म्हणजे जमीन वडिलांच्या नावावर आणि कसतो मुलगा. आपल्याकडे घरोघरी हेच आहे. व्हिसासाठी घाईघाईने वाटणी किंवा फेरफार करू नका, घरात नसती भांडणं लागतात. त्याऐवजी नातं सिद्ध करा: मुलाचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, आणि वडिलांचं नोटरी केलेलं पत्र की ही जमीन एकत्र कुटुंबाची असून माझा मुलगा कसतो. आमच्या पहिल्या फाइलीत सासऱ्यांच्या नावाचे उतारे तसेच जोडलेले होते, हे कोण आणि अर्जदाराचे कोण लागतात याचा एक शब्द नव्हता.

तिसरं, उत्पन्न. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून बरेच जण रिटर्नच भरत नाहीत. भरा. करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात शेतीचं उत्पन्न दाखवता येतं आणि मग त्याला कागदी आधार येतो. त्याच्यासोबत बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, व्यापाऱ्याचे किंवा एक्सपोर्टरचे बँकेत आलेले पैसे, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा. कर्ज लपवायची गरज नाही, नियमित फेडलं जाणारं कर्ज हासुद्धा तुम्हाला इथं बांधणारा धागा आहे.

आणि द्राक्षवाले असाल तर ग्रेपनेटची नोंदणी लावा. युरोपला द्राक्ष पाठवायची तर बाग अपेडाच्या (शेतमाल निर्यात बघणारी सरकारी संस्था) या सिस्टिमवर नोंदवावी लागते हे तुम्हाला माहीतच आहे, पण तो कागद व्हिसाला लावावा हे आम्हाला पहिल्यांदा सुचलंच नाही. ज्या युरोपात जायचंय तिथंच आपला माल जातो, प्लॉट नंबर वगैरे सगळं त्यावर आहे, यापेक्षा चांगली ओळख कुठली?

गृहिणी असेल तर नवऱ्याचे कागद, विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचं बोनाफाइड. पेन्शनर असतील तर पेन्शनची ऑर्डर, पेन्शन जमा होणारं पासबुक, घरपट्टीची पावती आणि सूची क्रमांक २ (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), इथं राहणारी बाकीची मुलं-नातवंडं. विद्यार्थ्यांना कॉलेजचं बोनाफाइड, पुढच्या सेमिस्टरची फी पावती, आई-वडिलांचे कागद.

मराठी कागद तसेच लावू नका. इंग्रजी भाषांतर करून घ्या, त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचं वाक्य पाहिजे, आणि मूळ मराठी प्रत त्याच्या मागेच लावा. पूर्ण सातबाऱ्याचं भाषांतर महाग वाटत असेल तर दोन-तीन मुख्य गट नंबर घ्या, चौदा उतारे लावायची गरज नाही.

४. बँक स्टेटमेंट: सगळ्यात जास्त फाइली इथं पडतात

शेंगेनला साधारण तीन महिन्यांचं, बाकी ठिकाणी सहा महिन्यांचं लावलेलं बरं. बँकेचा शिक्का आणि सही घ्या. अर्जाच्या आधी नऊ दिवस आमच्या खात्यात सासऱ्यांच्या खात्यातून सहा लाख आले होते. एजंट म्हणाला होता बॅलन्स दिसला पाहिजे. बॅलन्स दिसला, पण तो आठवड्यापूर्वी आला हेही दिसलंच की. याला पैसे पार्क करणं म्हणतात आणि ते ओळखायला त्यांना एक मिनिट लागत नाही.

मोठी रक्कम खरोखरच आली असेल, द्राक्षाचे पैसे एकदम येतात, एफडी मोडली, प्लॉट विकला, तर घाबरू नका, फक्त ती एन्ट्री पेनाने गोल करून समोर पुरावा जोडा. दुसऱ्या वेळी आमच्या खात्यात पहिल्यापेक्षा कमी शिल्लक होती, पण पगार, बागेचे पैसे, शाळेची फी, किराणा, हप्ता, असं रोजचं जगणं त्यात दिसत होतं.

५. कव्हर लेटर स्वतः लिहा

एक पान, फार तर दीड. कुठं, कधी, कशासाठी जाताय, खर्च कोण करतंय, आणि परत कशासाठी येताय. एजंटच्या तयार पत्रात ‘माझे मातृभूमीशी घट्ट संबंध आहेत’ असलं वाक्य असतं, ते सगळ्यांच्याच पत्रात असतं म्हणून त्याला किंमत राहात नाही. आमच्या त्या पत्रात तर पती-पत्नी दोघंही नोकरदार असं लिहिलेलं होतं आणि फॉर्ममध्ये नवऱ्याचा व्यवसाय शेती! मी ते सही करण्याआधी वाचलंही नव्हतं, ही माझी चूक.

दुसऱ्या पत्रातला मुख्य परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा होता: ‘आमची एप्रिलची छाटणी झालेली असेल. आमच्या गैरहजेरीत बागेचं काम माझे धाकटे दीर बघतील. आम्ही ५ जूनला परततो, १० जूनला मी कामावर हजर होईन (रजेचं पत्र, पान ७), मुलांची शाळा जूनच्या मध्यात सुरू होते (बोनाफाइड आणि फी पावती, पान १४). ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत माझ्या पतीला बाग सोडता येत नाही (निर्यात नोंदणी, पान २१).’ पानांचे नंबर जरूर टाका, फाइलीच्या प्रत्येक पानावर खाली पेन्सिलने नंबर घाला, बघणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही.

६. तारखा आणि नावं जुळवा

सगळे कागद लादीवर पसरून बसा आणि एकेक तारीख बोटाने जुळवा. विमानाचं बुकिंग, हॉटेल, इन्शुरन्स, रजा, फॉर्म, पत्र. पहिल्या अर्जात आमची ट्रिप २८ दिवसांची आणि माझी रजा १५ दिवसांची होती. उरलेले १३ दिवस मी काय करणार होते? नोकरी सोडणार, असाच अर्थ कोणीही काढेल. जेवढी रजा तेवढीच ट्रिप. आणि पहिल्यांदा जाताय तर दोन-अडीच आठवडे पुरे, इथं बांधलेला माणूस दोन महिने सहसा मोकळा नसतो.

तिकिटाचं फक्त रिझर्वेशन लावा, व्हिसा यायच्या आधी पैसे भरून तिकीट काढू नका. शेंगेनला इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो, पण इतकं ताणू नका, निर्णयाला साधारण १५ दिवस आणि कधीकधी ४५ दिवससुद्धा लागतात. ज्या देशात जास्त रात्री तिथल्या कॉन्सुलेटला अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथं आधी उतरणार तिथं.

नावांचा घोळ बायकांच्या बाबतीत फार. लग्नानंतर आपलं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, मग पॅन माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, पगाराची स्लिप तिसऱ्याच स्पेलिंगने. विवाह दाखला जोडा आणि पत्रात एक ओळ लिहा की ही सगळी नावं माझीच. आपला पासपोर्ट छापला जातो आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, त्यावर जसं नाव आहे तसंच फॉर्ममध्ये, इन्शुरन्सवर, बुकिंगवर, एका अक्षराचाही फरक नको.

७. तिकडे कोणी नातेवाईक असेल तर

लपवू नका. "सांगितलं तर शंका घेतील" असं सगळे सांगतात, पण फॉर्ममध्ये प्रश्न असतो आणि खोटं उघडं पडलं तर ते कायमचं रेकॉर्डला राहतं. नणंदेचं आमंत्रणपत्र, तिचा रेसिडन्स परमिट, पत्त्याचा पुरावा लावला. खर्च यजमान करणार असतील तर जर्मनीत तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसमधून रीतसर हमीपत्र मिळतं, ते मागवून घ्या. पण यजमानाचे कागद कितीही भारी असले तरी ते त्याच्या तिकडच्या आयुष्याचे, तुमच्या इथल्या धाग्यांची जागा ते घेत नाहीत.

खोट्या कागदाचं पण इथंच सांगते. ‘रजेचं पत्र करून देतो, स्टेटमेंट करून देतो’ म्हणणारे भेटतात. यूकेत फसवणुकीला १० वर्षांची बंदी येऊ शकते, कॅनडात खोट्या माहितीसाठी ५ वर्षं, अमेरिकेत तर कायमची. ज्याचे कागद कमी आहेत त्याने एखादं वर्ष थांबून खरे तयार करावेत, रिटर्न भरावेत, खातं नीट चालवावं. उशीर होतो पण वाट बंद होत नाही.

८. अपॉइंटमेंटचा दिवस

नाशिकहून मुंबईला जायचं तर सकाळी अकराच्या आधीची वेळ पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर घेऊ नका, गाडी लेट झाली की संपलं. आम्ही आदल्या रात्री दादरला मामांकडे राहिलो. व्हिसा सेंटरमधले लोक फक्त कागद घेतात आणि बोटांचे ठसे घेतात, निर्णय कॉन्सुलेटचा. म्हणून काउंटरवरच्या मुलाने "मॅडम हे लागत नाही" म्हणून सातबारा परत दिला तर नम्रपणे सांगा की राहू द्या, आम्हाला जोडायचाय. मी सांगितलं, त्याने ठेवला.

अमेरिकेचं वेगळं आहे. तिथं मुंबईत बीकेसीतल्या त्यांच्या कॉन्सुलेटमध्ये समोरासमोर इंटरव्ह्यू, दोन-तीन मिनिटांचा, आणि फाइल बऱ्याचदा उघडायलाही सांगत नाहीत. त्यामुळे डीएस-१६० फॉर्म (त्यांचा ऑनलाइन अर्ज) हीच तुमची फाइल, तो कोणाला परस्पर भरू देऊ नका. वयस्कर मंडळींना इंग्रजीचं दडपण येतं, त्यांनी मराठीतच उत्तर द्यावं, तशी सोय आहे. "इथं काय करता" याला "शेती" एवढंच न म्हणता "नऊ एकर द्राक्ष आहेत, फेब्रुवारीत काढणी, त्याआधी परत यायचंय" म्हणावं. पाठ केलेलं बोलायला लावू नका, आपल्या घरच्यांना ते जमत नाही आणि लगेच कळतं.

९. रिजेक्ट झालाच तर

लगेच दुसऱ्या दिवशी तीच फाइल पुन्हा टाकू नका. फी परत मिळत नाही, शेंगेनची प्रौढांना ९० युरो झालीय ११ जून २०२४ पासून, आमच्या वेळी ८० होती. कागदावरची फुली कुठं आहे ते वाचा. उद्देश स्पष्ट नाही, पैसे पुरेसे नाहीत आणि परत जाण्याबद्दल शंका, ही वेगवेगळी कारणं आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी. जर्मनीने फेरविचाराचा अर्ज १ जुलै २०२५ पासून बंद केलाय, तिथं आता नवा अर्ज किंवा कोर्ट. अमेरिकेच्या २१४(ब) वर अपील नाही, नवा अर्ज कधीही करता येतो, पण परिस्थितीत किंवा मांडणीत काही बदललं असेल तरच करा.

पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये आधीचं रिजेक्शन विचारलं तर खरं सांगा. मी दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं की ऑक्टोबरमध्ये आमचा अर्ज नाकारला गेला, तेव्हा रजेची तारीख, जमिनीचं नातं आणि सहा लाखांची एन्ट्री आम्ही समजावलेली नव्हती, आता ते पान अमुक ते अमुकवर आहे.

परत आल्यावर बोर्डिंग पास फेकू नका. वेळेत परत आलेला जुना व्हिसा हा पुढच्या वेळचा भक्कम कागद असतो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी शेंगेनचा नियम असा आहे की तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा साधारण दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. शिक्क्यांऐवजी आता ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटोची नोंद सुरू झालीय, त्यामुळे एक दिवस जरी जास्त राहिलात तरी ते सिस्टिममध्ये दिसतं. आम्ही ५ जूनला रात्री उतरलो, ते चार बोर्डिंग पास सासूबाईंच्या फाइलीत पहिल्या पानामागे लावून ठेवलेत, आता त्यांना लेकीकडे जायचंय.